व्याकरण विसरा म्हणणाऱ्यांना

‘इंग्रजी यायला व्याकरण लागत नाही. लहान मूल काय व्याकरण शिकून बोलतं? बिनधास्त बोलायला लागा, मालिका बघा, पेपर वाचा, चुका झाल्या तर होऊ द्या. एक दिवस आपोआप जमेल.’ हा उपदेश सध्या महाराष्ट्रात दोन भावांत मिळतो. लग्नाच्या पंगतीत मामा-काका तो फुकट देतात आणि स्पोकन इंग्लिशचे क्लासवाले त्याचीच फी घेतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवणं हा माझा धंदा. हा उपदेश इमानेइतबारे पाळून दमलेली मुलं शेवटी माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून त्याचा समाचार घेणं मला भाग आहे.

आधी समोरच्यांचं माप त्यांच्या पदरात घालतो. व्याकरणाची बदनामी आपल्या शाळांनीच केली. ‘डू ॲज डायरेक्टेड’ या एका प्रश्नाभोवती दहावीचं निम्मं इंग्रजी फिरायचं. ‘रिमूव्ह टू’ करा, ‘ॲज सून ॲज’चं ‘नो सूनर दॅन’ करा, कर्तरीचं कर्मणी करा. या कसरतीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगा मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ ऐकलं की रुमाल काढायचा. त्याच्याही आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली. त्यांचे अर्ज-विनंत्या चोख, पण साहेब समोर उभा राहिला की वाचा बसायची. तेव्हा नुसतं पुस्तकी व्याकरण पुरत नाही, हे मला कुणी पटवून द्यायला नको. पण ‘पुरत नाही’ म्हणता म्हणता ही मंडळी ‘लागत नाही’वर कधी पोचतात, ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.

आता ते लहान मूल. ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांचं पोर आहे त्यांनी जरा कान देऊन ऐकावं. ते ‘मी करलं’ म्हणतं. घरात ‘करलं’ कुणीच म्हणत नाही. आई, आजी, शेजारच्या काकू, सगळ्या ‘केलं’च म्हणतात. मग हे ‘करलं’ आलं कुठून? बसलं, पडलं, धरलं, मारलं हे ऐकून पोराने आपल्या मनाने नियम काढला आणि ‘कर’ला चिकटवला. म्हणजे व्याकरण नको हे सिद्ध करायला ज्याला साक्षीला बोलावलं, ते मूल घरातलं सगळ्यात कट्टर वैयाकरण निघालं. शिवाय त्याला वेळ किती मिळतो ते बघा. दिवसाचे ८ तास जरी ते भाषेत राहिलं, तरी पाच वर्षांत १४,६०० तास होतात. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. ३५ मिनिटांची तासिका, वर्षाला २०० ते २२० दिवस, अशी १० वर्षं धरली, तर शाळेतलं सगळं इंग्रजी मिळून १,२०० ते १,३०० तास भरतं. त्यातलाही बराच वेळ इंग्रजीचा धडा मराठीत समजावण्यात जातो. आणि पोराला त्या १४,६०० तासांत दुसरं काही काम नसतं, ना नोकरी, ना कर्जाचा हप्ता. तिशीच्या माणसाला ‘मुलासारखं शीक’ म्हणणाऱ्याने त्याच्या पाच वर्षांच्या पगाराची सोयही करून द्यावी.

दुसरा युक्तिवाद जास्त मोहात पाडणारा आहे. ‘आपल्या बोलण्यात निम्मे शब्द इंग्रजीच असतात, म्हणजे निम्मं इंग्रजी येतंच की!’ नाही येत. ‘माझी आठ बाराची मिस झाली’ हे मुंबईकराचं रोजचं वाक्य घ्या. ‘मिस’ इंग्रजी खरा, पण वाक्याची कर्ती गाडी आहे. ती आपली आपण मिस झाली, माझा काही दोष नाही. इंग्रजीत सगळा आळ माझ्यावर येतो: ‘आय मिस्ड द एट-ट्वेल्व्ह’. ‘मी बोअर झालो’ म्हणणारा मुलगा इंग्रजीत ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणून मोकळा होतो आणि भर सभेत स्वतःलाच रटाळ ठरवतो. टेन्शन आपण घेतो, देतो, क्वचित एखाद्याच्या डोक्यावर ठेवतोही. इंग्रजी माणूस यातलं काहीच करत नाही. बस ती, ट्रक तो, टेबल ते, आणि मग बसमध्ये, ट्रकवर, टेबलाखाली. हे शब्द आपल्याकडे आले ते आपल्या घरचे नियम पाळायच्या बोलीवर. त्यांच्यामुळे मराठी किती बदलली हा वेगळा वाद, पण त्यांच्या जोरावर इंग्रजी वाक्य उभं राहत नाही.

बरं, मग पेपर वाचा म्हणतात. वाचावाच. पण नवशिका वाचतो काय? मथळे. ‘मॅन डाइज ॲज बस हिट्स ट्री’. माणूस काल रात्री गेला, क्रियापद मात्र वर्तमानकाळात. ‘अ’ आणि ‘द’ तर औषधालाही नाहीत. जागा वाचवायला मथळ्यातून जे गाळतात, नेमकं तेच मराठी माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त छळतं, कारण आपल्या भाषेत ‘अ’, ‘द’सारखी उपपदंच नाहीत. मथळ्यांवर पोसलेलं इंग्रजी पुढे अर्जात उतरतं आणि अर्ज तारेसारखा वाचावा लागतो.

क्रिकेटचंही तेच. ट्रान्झिस्टर कानाला लावून इंग्रजी शिकलेली पिढी आपल्याकडे होऊन गेली आणि तिला त्याचा अभिमान आहे. असावाही. शब्दसंपत्ती मिळाली, उच्चार सुधारले, ‘बॅक फुटवर जाणं’ आपल्या राजकीय अग्रलेखांपर्यंत पोचलं. पण समालोचक म्हणतो, ‘ही कम्स इन, बोल्स, गावसकर ड्राइव्ह्ज’. डोळ्यांदेखत चाललेली गोष्ट, आणि साधा वर्तमानकाळ. तिथे तोच बरोबर. हाच काळ घेऊन कचेरीत गेलात आणि ‘व्हॉट आर यू डूइंग?’ला ‘आय चेक द बिल्स’ असं उत्तर दिलंत, तर साहेब समजेल की बिलं तपासणं हे तुमचं नेहमीचं काम आहे, आत्ता काय करताय ते सांगितलंच नाहीत. मालिकांतली पात्रं ‘यू कमिंग?’ म्हणतात, अर्धं क्रियापद गिळून. त्यांना ते शोभतं, कारण न गिळलेलं वाक्य त्यांना ठाऊक असतं. रोजच्या आयुष्यात इंग्रजी ढीगभर मिळतं, पण ते मिसळून येतं: मथळा, समालोचन, सूचनाफलक, शिवी, सवलतीची जाहिरात. कुठलं कुठे चालतं हे ओळखायला जी नजर लागते तिलाच व्याकरण म्हणतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘इथे वातावरण नाही हो. तिकडे जाऊन राहा, बघा कसं फाडफाड येतं!’ ठीक आहे, तिकडेच जाऊ. रिचर्ड श्मिट नावाच्या भाषाभ्यासकाने हवाईत एका जपानी चित्रकाराचा तीन वर्षं पाठपुरावा केला आणि १९८३ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासात त्याला ‘वेस’ हे टोपणनाव दिलं आहे. व्याकरण-विरोधकांनी स्वतः बेतून घ्यावा असा हा गडी. तिशी उलटलेला, मोकळा, गप्पिष्ट, लाजबुजणं माहीत नाही. होनोलुलूत राहतो, इंग्रजी बोलणाऱ्या मित्रांत वावरतो, त्याच भाषेत आपला व्यवसाय करतो. वर्गात जाऊन शिकण्याची त्याला गरज वाटली नाही, आवडही नव्हती. तीन वर्षांत काय झालं? संभाषण भलतंच सुधारलं. थट्टा, आर्जव, लांबलचक किस्से, सगळं जमू लागलं. लोकांना तो आवडायचा. आणि व्याकरण? जिथल्या तिथे. अनेकवचनाचा ‘एस’, भूतकाळाचा प्रत्यय, ‘ही’ आणि ‘शी’नंतरचं क्रियापद, यांत तीन वर्षांनी नाव घेण्याजोगा फरक नव्हता. भोवती चोवीस तास इंग्रजी, भीड शून्य, सराव उदंड. या मंडळींच्या पाककृतीतला एकही जिन्नस कमी नव्हता, तरी पदार्थ झाला नाही.

असं का व्हावं? कारण वेसचं अडत नव्हतं. ‘यस्टरडे आय गो’ म्हटलं तरी समोरच्याला कळतं, कारण ‘यस्टरडे’ने काम केलेलं असतं. ऐकतानाही तेच. समोरचा ‘आय वेंट’ म्हणाला की अर्थ डोक्यात शिरतो आणि ‘वेंट’ कानाबाहेर राहतं. अर्थ मिळाला की मेंदू रूपाकडे बघायचे कष्ट घेत नाही, आळशीच तो. शिवाय दोस्तमंडळी बोलताना एकमेकांच्या चुका काढत बसत नाहीत, ते असभ्य ठरतं.

याच श्मिटने पुढे स्वतःवर प्रयोग केला. ब्राझीलमध्ये काही महिने राहून तो पोर्तुगीज शिकला, रोजनिशी ठेवली, आणि सिल्व्हिया फ्रोटा या सहकारी अभ्यासिकेबरोबर १९८६ मध्ये त्यावर लिहिलं. त्याचा अनुभव मला रोज वर्गात दिसतो. काही रूपं त्याच्या कानांवर सतत पडत होती, पण एखाद्या रूपाकडे लक्ष गेलं, ‘अरे, हे असं म्हणतात तर’ असं वाटलं, की त्यानंतरच ते त्याच्या बोलण्यात येऊ लागायचं. आणि लक्ष अनेकदा जायचं ते वर्गात किंवा पुस्तकात ती गोष्ट आधी भेटली होती म्हणून. पुस्तकाने दाखवलं, बाजाराने पक्कं केलं. व्याकरणाचं एवढंच काम असतं, पण ते दुसरं कुणी करत नाही.

आपल्याकडचं उदाहरण देतो. चाकणजवळच्या एका कारखान्यात काम करणारा माझा एक विद्यार्थी. हुशार, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा. इंग्रजी ‘ऐकून ऐकून’ आलेलं. त्याने परदेशी ग्राहकाला पाठवलेली मेल मला दाखवली: ‘आय हॅव सेंट द ड्रॉइंग यस्टरडे. आय ॲम वर्किंग ऑन धिस प्रॉब्लेम सिन्स टू वीक्स.’ ग्राहकाला कळणार नाही असं यात काही नाही. पण दोन्ही वाक्यं चुकली, आणि दोन्ही मराठीने चुकवली. आपण ‘मी काल ड्रॉइंग पाठवलं आहे’ सहज म्हणतो. ‘काल’ आणि ‘आहे’ आपल्याकडे सुखाने नांदतात. इंग्रजीत ‘हॅव सेंट’ म्हटलं की ‘यस्टरडे’ला जागा नाही, आणि ‘यस्टरडे’ हवं असेल तर सरळ ‘सेंट’. दुसऱ्या वाक्यात ‘दोन आठवड्यांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ या दोन्हींना मराठी एकच ‘पासून’ लावते. इंग्रजीत सोमवारला ‘सिन्स’, दोन आठवड्यांना ‘फॉर’, आणि काम अजून चालू असल्याने ‘हॅव बीन वर्किंग’. नोकरीला लागल्यापासून त्याने ही बरोबर रूपं हजारदा ऐकली असतील. एकदाही ऐकू आली नाहीत. कागदावर दोन रेघा मारून दाखवलं तेव्हा पाऊण तास लागला. पुढच्या आठवड्यात तो सांगत आला, ‘सर, आता मीटिंगमध्ये सगळे फॉर-फॉरच म्हणताना ऐकू येतात.’ ते आधीपासून म्हणतच होते.

वाक्प्रचारांच्या बाबतीत मात्र मी रोजच्या आयुष्याला झुकतं माप देईन. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपल्याकडच्या प्रत्येक गाइडात आहे, आणि इंग्रज पावसात उभा राहून ते क्वचितच म्हणतो. ज्यांवाचून पान हलत नाही ते ‘रन आउट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘फिगर आउट’ मात्र यादीत शेवटी किंवा नाहीतच. ते माणसांतच सापडतात. पण सापडल्यावर काय करायचं? ‘टर्न डाउन’ ऐकलं, ‘नाकारणं’ असा अर्थ लागला. आता ‘ते नाकारलं’ म्हणायचंय. ‘टर्न्ड इट डाउन’ बरोबर, ‘टर्न्ड डाउन इट’ चूक. मग त्याच धर्तीवर ‘लुक आफ्टर’चं ‘लुक हर आफ्टर’ केलंत तर तेही चूक. वाक्प्रचाराच्या पोटात व्याकरण असतंच. मराठीत ‘मी हात टेकले’ चालतं, ‘माझ्याकडून हात टेकले गेले’ ऐकलंत तर तुम्हीच कपाळाला हात लावाल.

रेल्वेच्या फलाटावर ‘माइंड द गॅप’ची सूचना रोज कानांवर पडते. त्याच ‘माइंड’चा ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ असा प्रश्न होतो. आमचा सज्जन मराठी माणूस सौजन्याने ‘येस, येस’ म्हणून जागा देऊ करतो आणि विचारणारा बिचारा उभाच राहतो, कारण त्या ‘येस’चा अर्थ ‘हो, माझी हरकत आहे’. प्रश्नाची घडण एकदा उलगडून दाखवली की हा घोटाळा जन्मात पुन्हा होत नाही. न दाखवता किती वर्षं लागतील ते फलाटालाच माहीत.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा, जो ते स्वतः कधी मांडत नाहीत. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू या इंग्रजी अध्यापनाच्या अभ्यासकाने बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही शाळांत व्याकरण न समजावता इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. रेल्वेचं वेळापत्रक वाच, नकाशावरून वाट सांग, अशी कामं मुलांना इंग्रजीतून दिली. प्रयोग गाजला, आणि आपल्याच मातीतला म्हणून मला त्याचं अप्रूप आहे. मूल्यमापनात त्याचं काही बाबतींत यशही दिसलं. पण तो प्रयोग वर्गातला होता. काम कितपत अवघड असावं, कुठल्या कामानंतर कुठलं यावं, हे जाणत्या शिक्षकांनी ठरवलेलं होतं. त्यातून ‘मालिका बघा, आपोआप येईल’ हा निष्कर्ष काढायचा तर प्रभूंचीच माफी मागावी लागेल. ‘इंग्लिश विंग्लिश’चंही तसंच. गौरी शिंदेंच्या त्या २०१२ च्या चित्रपटातल्या शशी गोडबोलेचा दाखला उठसूट दिला जातो की बघा, चार आठवड्यांत शिकली. शिकली खरी, पण न्यूयॉर्कमध्ये घरच्यांपासून लपून ती जाते कुठे? इंग्रजीच्या क्लासला.

‘मग आपलं भारतीय इंग्रजी चूक म्हणता की काय?’ हा शेवटचा बाण. मुळीच नाही. ‘प्रीपोन’ हा आपल्याकडचा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात गेला आणि मला त्याचा आनंद आहे. पण तो कसा घडला बघा: ‘पोस्टपोन’मधला ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, तर आधीसाठी ‘प्री’. ज्याने तो घडवला त्याला शब्दाची घडण कळत होती. लाखो शिकलेले लोक जे जाणूनबुजून आणि सारखेपणाने वापरतात ती बोली. एक माणूस सकाळी ‘शी गोज’, दुपारी ‘शी गो’ आणि संध्याकाळी ‘शी इज गो’ म्हणतो, तेव्हा ती बोली नव्हे, ते अर्धवट शिकवलेलं इंग्रजी आहे. त्याला बोलीचा मान देऊन आपण त्याचा सन्मान करतोय असं वाटत असेल, तर नोकरीचा अर्ज चाळणाऱ्याला विचारा.

खरी गोम इथेच आहे. ‘व्याकरण विसरा’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते विसरणं परवडतं. इंग्रजी माध्यम, घरात इंग्रजी पुस्तकं, इंग्रजीत भांडणारे आईबाप. नियम कुणी शिकवले ते त्यांना आठवत नाही, कारण कुणीतरी रोज जेवताना शिकवले. कारखान्यातल्या माझ्या विद्यार्थ्याला मात्र सगळे म्हणतात, ‘कळतंय ना, मग झालं.’ सौजन्याने त्याची चूक कुणी दाखवत नाही आणि त्याच सौजन्याने परदेशी ग्राहकांचं काम दुसऱ्याला देतात. का दिलं, हेही सांगत नाहीत. वेसचे मित्रही असेच सज्जन होते. वेसचं पोट कुंचल्यावर चालायचं, याचं मेलवर चालणार आहे.

म्हणून मामा-काकांना आणि क्लासवाल्यांना एकच विनंती. मुलांना बिनधास्त बोला म्हणून सांगा, मीही तेच सांगतो. पण तुमच्या घरात नात ‘शी डोन्ट नो’ म्हणाली की हातातला घास खाली ठेवून तुम्ही ‘डझन्ट, बाळा’ म्हणता. ते तुमच्याकडे फी भरून आलेल्या मुलालाही म्हणा.